पाचोळा कुजवताना

पानं गोळा करायची, ढीग लावायचा, अधूनमधून पाणी मारायचं की झालं खत, अशी माझी समजूत होती. तीन महिन्यांनी ढीग उकरला तर वरची पानं कुरकुरीत, खालची भिजलेल्या वहीसारखी एकमेकांना चिकटलेली. दोन पानं सोडवली तर मधली बाजू कोरडी! पाणी आत शिरलंच नव्हतं.

मग जरा वाचलं, तेव्हा झाडाचा हिशेबीपणा कळला. पान गाळण्याआधी झाड त्यातला नायट्रोजन आणि फॉस्फरस बऱ्याच अंशी परत ओढून घेतं, आणि मगच देठाच्या बुडाशी पान सुटतं. आपल्या वाट्याला उरतं ते पेशींच्या भिंतींमधलं तंतुमय सेल्युलोज, लाकडाला कडकपणा देणारं चिवट लिग्निन आणि वरचा मेणचट थर. सुक्या पाचोळ्यात नायट्रोजनच्या एका भागामागे कार्बन साधारण ५० ते ८० भाग असतो; जिवाणूंना झपाट्याने काम करायचं तर तो २५ ते ३० च्या आसपास हवा. म्हणजे मी त्यांना तीन महिने जवळजवळ उपाशीच ठेवलं होतं.

ढीग मोडला. पानं पायाखाली तुडवून चुरली (हे काम मला फार आवडलं) आणि मध्ये मध्ये, नायट्रोजन मिळावा म्हणून, ताज्या कापलेल्या गवताचे थर दिले. चौथ्या दिवशी हात घातला तो झटकन मागे घेतला. थर्मामीटर खुपसला, ५८ अंश! मी हुरळून आणखी गवत आणि आणखी पाणी घातलं. आठवड्यात नाक धरायची वेळ आली. आतली हवा कोंडली होती. दोनदा उलथापालथ केली, सुका पाचोळा मिसळला, तेव्हा कुठे वास गेला. तेव्हापासून एक मूठ घेऊन दाबतो: ओल लागावी, पण धार लागू नये.

पुढे ढीग निवला आणि बुरशीचे पांढरे धागे दिसू लागले. लिग्निन फोडणं हे मुख्यतः त्यांचंच काम, आणि त्यांना घाई नसते. एक पान उचललं तर मधला गर पार गेलेला, शिरांची नुसती जाळी उरलेली. उजेडासमोर धरून बराच वेळ बघत बसलो. खाली गांडुळंही आली होती.

चाळलं तेव्हा वर्ष उलटून गेलं होतं. काळं, भुसभुशीत, पावसाळी मातीचा वास असलेलं खत निघालं, ढिगाच्या मानाने अगदीच थोडं. चाळणीत राहिले ते देठ. ते नव्या ढिगात टाकले.