दोन्ही गोल ज्युनियरचे

अंतिम सामन्याच्या दिवशी वृत्तपत्राच्या क्रीडा विभागातले निम्मे काम सामना सुरू होण्यापूर्वीच उरकलेले असते, हे वाचकांना सहसा ठाऊक नसते. क्लबच्या वाटचालीची चौकट दुपारीच जुळवून ठेवलेली असते, विजय आणि पराभव अशा दोन्ही शक्यतांचे मथळे कागदावर उतरवलेले असतात आणि संध्याकाळी निकाल हाती आला की फक्त मधला मजकूर भरायचा असतो. ५ डिसेंबर २००४ या रविवारीही मी याच पद्धतीने कामाला लागलो होतो. पणजीतल्या एका मराठी दैनिकात मी उपसंपादक होतो आणि बंगलोरच्या श्री कांतीरवा मैदानावर फुटबॉलच्या फेडरेशन चषकाच्या अंतिम सामन्यात गोव्याच्या धेंपो स्पोर्ट्स क्लबची गाठ कोलकात्याच्या मोहन बागानशी पडणार होती.

त्या आठवड्यात आमच्या पहिल्या पानावर बोट ठेवायलाही जागा नव्हती. आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव गोव्यात प्रथमच भरला होता आणि जुन्या गोव्यात सेंट फ्रान्सिस झेवियरच्या शवप्रदर्शनाला लोटलेल्या गर्दीच्या बातम्या रोज येत होत्या. कार्यालयातली बहुतेक माणसे या दोन कामांना जुंपलेली असल्यामुळे बंगलोरला वार्ताहर पाठवण्याचा प्रश्नच उद्भवला नाही. खरे सांगायचे, तर एरवीही तो उद्भवला नसता. मराठी वृत्तपत्रांत फुटबॉल हा दक्षिण गोव्यातल्या सासष्टीतल्या लोकांचा खेळ मानला जाई आणि क्रिकेटच्या साध्या सराव सामन्याला मिळणारी जागा गोमंतकीय क्लबच्या विजेतेपदाला मिळवून देण्यासाठी मला वृत्तसंपादकांशी दरवेळी वाद घालावा लागे. वाचकांना रस नाही, म्हणून बातमी छापायची नाही आणि बातमी छापत नाही, म्हणून वाचकांना रस नाही, हे चक्र कुठे तोडायचे, हे आमच्यापैकी कोणालाही सुचत नव्हते.

चौकटीचा मात्र मला अभिमान होता. गोव्यातल्या प्रमुख क्लबांची माहिती मी माझ्या खर्चाने घेतलेल्या एका जाड वहीत हाताने नोंदवून ठेवत असे, कारण कार्यालयातल्या कात्रणांच्या पेटीला वाळवीने आधीच गाठले होते आणि क्लबांकडे विचारले, तर पदाधिकाऱ्यागणिक वेगळे वर्ष ऐकायला मिळे. त्या वहीत धेंपोच्या नावापुढे कूपरेजवर जिंकलेला रोव्हर्स चषक होता, परंतु फेडरेशन चषकाच्या रकान्यात विजेतेपद एकही नव्हते. साळगावकर क्लबने हाच चषक १९८८, १९८९ आणि १९९७ मध्ये जिंकला होता आणि १९९८-९९ ची राष्ट्रीय लीगही गोव्यात आणली होती. धेंपो क्लब २००३-०४ च्या लीगमध्ये ईस्ट बंगालच्या मागे दुसरा राहिला होता. त्याच ईस्ट बंगालकडून खेळलेला ब्राझीलचा आघाडीपटू क्रिस्तियानो ज्युनियर नव्या मोसमासाठी धेंपोकडे आला होता. ज्याने आपल्या हातून लीग हिसकावली, त्यालाच आपल्याकडे आणण्याचा हा व्यवहार मला फार आवडला होता आणि दुपारी चौकट लिहिताना तो आनंद तिच्यात थोडा उतरला. चौकटीचे शेवटचे वाक्य मी असे लिहिले होते: ‘ज्युनियर आणि आघाडीतला त्याचा जोडीदार रँटी मार्टिन्स ही जोडी टिकली, तर राष्ट्रीय लीगचे पहिले विजेतेपदही धेंपोपासून फार दूर नाही.’

संध्याकाळी वृत्तसंस्थेच्या यंत्रावर पहिली ओळ आली, ती धेंपोच्या आघाडीची. गोल ज्युनियरने केला होता. उत्तरार्धात दुसरी ओळ आली, ७८व्या मिनिटाला दुसरा गोल, तोही ज्युनियरचा. मी विजयाचा मथळा संगणकावर टाकून घेतला. त्यानंतर आलेल्या ओळीत गोल करताना तो मोहन बागानच्या गोलरक्षकाला धडकून कोसळल्याचा आणि त्याला रुग्णालयात हलवल्याचा उल्लेख होता. फुटबॉलमध्ये खेळाडू कोसळतात आणि उठतातही, म्हणून बातमीच्या शेवटी त्याबद्दल एक वाक्य घालून मी पुढे सरकलो. शेवटी सामना संपल्याचे आणि ज्युनियर मरण पावल्याचे वृत्त जवळजवळ एकापाठोपाठ आले. तो पंचविशीतला होता. शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याने विजयासाठी मागवलेला पेढ्यांचा पुडा तसाच राहिला आणि दुसऱ्या दिवशी शिपायाने तो घरी नेला.

येथून पुढचे दोन तास मला जवळजवळ मिनिटागणिक आठवतात, कारण त्या दोन तासांत मी माझ्या कामात अगदी सावध होतो, किंवा निदान तसे मला वाटत होते. बातमी आता पहिल्या पानाची झाली होती आणि पहिले पान लावणाऱ्यांचा फुटबॉलशी संबंध नव्हता. त्यांनी वृत्तसंस्थेची इंग्रजी कॉपी मराठीत आणताना मथळा केला, ‘धेंपोच्या ज्युनियर खेळाडूचा मृत्यू’. म्हणजे वाचकाला तो क्लबच्या कुमार संघातला कोणी पोरगा वाटला असता. ज्युनियर हे त्याच्या नावाचाच भाग आहे, हे मी धावत जाऊन सांगितले, तेव्हा पान लावणाऱ्या ज्येष्ठ सहकाऱ्यांनी माझ्याकडे शांतपणे पाहिले आणि म्हणाले, ‘‘मग पूर्ण नाव दे की रे बाबा!’’ पूर्ण नाव दिले, तर त्यावरही मतभेद झाले. पोर्तुगीज शाळेत शिकलेल्या आमच्या मुद्रितशोधकांना ‘क्रिस्तियानो’ हवे होते, तर दुसऱ्या एकाने आधीच ‘ख्रिस्तियानो’ असे जुळवून टाकले होते. शेवटी पहिल्या पानावर एक आणि क्रीडा पानावर दुसरे असे रूप छापले गेले. मेलेल्या माणसाचे नाव एकाच अंकात दोन प्रकारे लिहिणे हा आपल्या वृत्तपत्रांचा जुना रोग आहे.

त्याहून मोठा वाद मृत्यूच्या कारणाबद्दल झाला. एका तरुण सहकाऱ्याने गोलरक्षकाच्या धडकेमुळे ज्युनियरचा बळी गेला, असे वाक्य लिहिले होते. आमच्या धंद्यात ‘मुळे’ आणि ‘नंतर’ या दोन शब्दांमध्ये न्यायालयातल्या खटल्याइतके अंतर असते. वैद्यकीय अहवाल आलेला नव्हता, आमच्यापैकी कोणी मैदानावर नव्हते आणि समोरचा गोलरक्षक सुब्रत पाल अठराच्या आसपासचा होता. मी ते वाक्य बदलून ‘गोलरक्षकाशी झालेल्या टकरीनंतर’ असे केले. ‘मैदानावर मृत्यू’ हेही काढून ‘रुग्णालयात मृत घोषित’ असे केले. तरुण सहकारी चिडला. त्याचे म्हणणे असे होते की, गोव्याचा खेळाडू गेला असताना मी बंगालच्या क्लबची वकिली करतो आहे. पुढच्या काही दिवसांत पणजीच्या हॉटेलांतून आणि बसगाड्यांतून लोक जे बोलत होते, ते ऐकल्यावर मला त्या ‘नंतर’चे मोल अधिकच पटले. फुटबॉल महासंघाने पुढे चौकशी केली, पालवर काही काळ बंदीही घातली. मैदानावर तातडीच्या उपचारांची सोय पुरेशी होती का, हा खरा प्रश्न मात्र काही दिवस गाजून विरून गेला, कारण त्यात बोट दाखवायला एकच चेहरा सापडत नव्हता. सहा वर्षांनंतर, २०११ च्या आशियाई चषकात, दोह्याला भारताच्या गोलजाळ्यासमोर उभा राहून तोच पाल एकामागून एक फटके अडवत होता आणि त्याच्या कौतुकाची बातमी लिहिण्याचे काम माझ्याकडेच आले. मी ती मनापासून लिहिली. त्या बातमीत बंगलोरचा उल्लेख करावा की नाही, यावर मी बराच वेळ घालवला आणि अखेर केला नाही. तो निर्णय बरोबर होता, असे मला आजही छातीठोकपणे सांगता येत नाही.

पान सुटले, तेव्हा रात्रीचे बारा वाजून गेले होते. पहिल्या पानावरची बातमी मी तीनदा वाचली होती, क्रीडा पानाची मुख्य बातमी पुन्हा लिहिली होती, मथळ्यातला जल्लोष काढला होता आणि छायाचित्राखालची ओळही बदलली होती. चौकट मात्र वाचली नाही. ती दुपारीच तपासून झालेली होती आणि तपासून झालेला मजकूर पुन्हा वाचायचा नसतो, हे वळण इतके अंगात मुरलेले होते की, तिच्याकडे नजरसुद्धा गेली नाही. फक्त विजेतेपदाच्या रकान्यात शून्याच्या जागी ‘१ (२००४)’ एवढा बदल केला आणि तोही शेवटच्या ओळीपर्यंत न जाता. सकाळी सावंतवाडीपासून काणकोणपर्यंत गेलेल्या अंकात वर काळ्या रेघेत ज्युनियरच्या मृत्यूची बातमी होती आणि त्याच पानावर खाली, जाड ठशात, ही जोडी टिकली, तर काय होईल, याचे माझे भाकीत होते.

सोमवारी दुपारी डिचोलीहून एका निवृत्त शिक्षकांचा दूरध्वनी आला. ते रागावले नव्हते, म्हणूनच त्यांचे बोलणे अधिक लागले. त्यांनी ते वाक्य मला सावकाश वाचून दाखवले आणि विचारले, ‘‘हे कोणी लिहिले, त्यांना संध्याकाळची बातमी कळली नव्हती का?’’ मी लिहिले, असे मी सांगितले. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत, मग ‘‘बरे, बरे’’ म्हणून त्यांनी फोन ठेवला. खुलासा छापावा, असे मी संपादकांना सुचवले. त्यांनी चौकट वाचली आणि यात दुरुस्त करण्याजोगे काय आहे, असा प्रतिप्रश्न केला. त्यांचे बरोबर होते. चौकटीत एकही आकडा चुकलेला नव्हता.

या प्रकरणातली मला सर्वांत छळणारी गोष्ट अशी की, भाकीतही पूर्ण खोटे ठरले नाही. आर्मांदो कुलासो यांच्या मार्गदर्शनाखाली त्याच मोसमात, २००४-०५ मध्ये, धेंपोने स्पोर्टिंग क्लब द गोवाला मागे टाकून आपली पहिली राष्ट्रीय लीग जिंकली. त्यानंतर २००६-०७ ची लीग आली आणि मग आय-लीग या नव्या नावाने सुरू झालेल्या स्पर्धेत २००७-०८, २००९-१० आणि २०११-१२ अशी आणखी तीन विजेतेपदे आली. २००८ मध्ये क्लबने आशियाई क्लबांच्या एएफसी चषकाची उपांत्य फेरी गाठली. रँटीने या सगळ्या काळात गोलांचा पाऊस पाडला. क्लबने १० क्रमांकाची जर्सी ज्युनियरच्या स्मरणार्थ कायमची निवृत्त केली. दर मोसमाच्या आरंभी संघाची यादी आमच्याकडे येई, तेव्हा नऊनंतर थेट अकरा पाहून नवा जुळारी मला हमखास विचारी की, एक नाव गळले आहे का.

माझ्या वहीतल्या तक्त्याला शेराचा रकाना नव्हता. वर्ष, स्पर्धा, प्रतिस्पर्धी, निकाल एवढेच चार रकाने मी आखलेले होते, त्यामुळे २००४ च्या ओळीत ‘फेडरेशन चषक, मोहन बागान, २-०’ एवढेच बसते. २००५ मध्ये मी त्या ओळीपुढे पेन्सिलीने एक फुली केली. तो तक्ता पुढे अनेकदा छापला गेला, क्लब २०१४-१५ मध्ये आय-लीगमधून खाली घसरला तेव्हा, २०१६ मध्ये गोव्यातल्या आणखी दोन क्लबांबरोबर त्याने स्पर्धेतून अंग काढून घेतले तेव्हाही. दरवेळी फुली काढून टाकली गेली, कारण तळटीप रकान्याच्या रुंदीत मावत नव्हती.

२०२४ मध्ये धेंपो क्लब आय-लीगमध्ये परतला, तेव्हा मी निवृत्त झालो होतो. माझ्या जागी आलेल्या मुलाने वाटचालीचा तक्ता मागितला, म्हणून वहीच्या पानांची छायाचित्रे मी त्याला मोबाईलवर पाठवली. अर्ध्या तासाने त्याचा फोन आला. ‘‘सर, २००४च्या ओळीपुढे काहीतरी खूण दिसते आहे, ती ठेवायची की डाग आहे?’’ खूण आहे, ठेव, असे मी म्हणालो. मग खाली काय लिहू, असे त्याने विचारले, आणि किती शब्दांची जागा आहे, असे मी त्याला विचारले. तो म्हणाला, ‘‘एक ओळ, सर, फार तर आठ शब्द.’’ पान किती वाजता सोडायचे आहे, ते विचारून मी तोवरचा वेळ मागून घेतला आणि कागद पुढे ओढून लिहायला बसलो. ‘दोन्ही गोल ज्युनियरचे’ एवढे तीन शब्द लिहून झाल्यावर उरलेले पाच मला त्या रात्री सुचले नाहीत.