पातेली ठेवणारी मी आणि एसआरईची नोकरी

दापोली तालुक्यात, हर्णैच्या अलीकडे आमचं घर. पुण्यातल्या एका कंपनीत मी पाच वर्षं सपोर्टमध्ये होते आणि लॉकडाऊनपासून बहुतेक काम इथूनच करते. गेल्या वर्षी मे महिन्यात मॅनेजरने विचारलं, "एसआरई टीममध्ये जागा आहे, येतेस का?" पगार बरा वाढणार होता. मी तीन महिने मागून घेतले. तोवर ऑन-कॉल माणसाच्या, म्हणजे बिघाड झाला की ज्याचा फोन वाजतो त्याच्या, जोडीने बसायचं आणि मग काय ते सांगायचं.

घरी सांगताना पंचाईत झाली. साईट रिलायबिलिटी इंजिनिअरिंग असं अण्णांना सांगून काय कळणार? म्हटलं, वेबसाईट चालू राहावी म्हणून माणसं असतात ना, ती. "म्हणजे वायरमन," अण्णा म्हणाले आणि पेपरात डोकं घातलं.

तसे ते फार चुकले नव्हते. गूगलमध्ये २००३ साली बेन ट्रेनर स्लॉस यांच्याकडे ही जबाबदारी आली, तेव्हा त्यांनी सर्व्हर सांभाळायला प्रोग्रॅम लिहिणारी माणसं बसवली. हिशोब असा की अशा माणसाला तेच तेच काम हाताने करायचा लवकर कंटाळा येतो आणि मग तो ते काम करणारा प्रोग्रॅमच लिहून टाकतो. असली हाताची कामं निम्म्या वेळेच्या वर जाऊ द्यायची नाहीत, असा तिथला नियम. हे मी सुरुवातीलाच वाचलं होतं. वाचलं आणि पुढे गेले, कारण माझं लक्ष दुसरीकडेच होतं: आपण घाबरत नाही ना, एवढंच मी तपासत होते.

त्याची मला खात्री होती. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळात आमची अर्धी कौलं उडाली, पुढे कित्येक दिवस लाईट नव्हती, तेव्हाही माझं डोकं ठिकाणावर होतं. मग सर्व्हर बंद पडला तर काय मोठंसं!

पहिला महिना आकड्यांत गेला आणि तो मला मनापासून आवडला. सेवा ९९.९ टक्के वेळ चालू ठेवायची म्हटलं, तर ३० दिवसांत बंद पडायला ४३ मिनिटं १२ सेकंद मिळतात. त्यावर आणखी एक नऊ चढवा, की उरतात ४ मिनिटं १९ सेकंद. माणूस झोपेतून उठून लॅपटॉप उघडेपर्यंत तेवढी संपतात. ही मिनिटं म्हणजे एरर बजेट. ते संपलं की नवी फीचर्स थांबवायची आणि आधी डागडुजी करायची. शंभर टक्क्यांचा हट्ट कोणी धरत नाही हे कळल्यावर मला हायसं वाटलं.

मग जुलै. रात्री पावणेतीनला फोन वाजला. आमच्याकडे रेंज पडवीच्या उत्तरेच्या कोपऱ्यातच येते, म्हणून पाळीच्या रात्री मी तिथेच खाट टाकते. पाऊस मरणाचा, पागोळ्यांचा आवाज एवढा की पलीकडून सीनियर काय बोलतेय ते ऐकू येईना. एका सर्व्हरची डिस्क ९६ टक्के भरली होती. एक लॉग फाईल, म्हणजे प्रोग्रॅम आपल्या कामाची नोंद लिहीत जातो ती, फुगली होती. मी ती रुबाबात उडवली आणि डिस्क पुन्हा पाहिली. ९६ टक्के. परत पाहिली, ९७. हात गार पडले. आणि म्हणे मी घाबरत नाही!

"फाईलचं फक्त नाव गेलंय," सीनियर म्हणाली. "प्रोग्रॅमने ती अजून उघडी धरून ठेवलीय. तो सोडेपर्यंत जागा मोकळी होणार नाही." प्रोग्रॅम रीस्टार्ट केला, डिस्क ४१ टक्क्यांवर आली. सव्वातीनला ग्रुपवर लिहिलं, "सुटलं." सकाळी उठून पाहते तर अकरा जणांचे अंगठे. मला फार बरं वाटलं, हे कबूल करते.

दुपारी झाल्या प्रकाराची नोंद लिहायला बसलो. चूक कोणाची हे त्यात लिहायचं नसतं, चूक होऊ कशी शकली ते लिहायचं. सीनियरने विचारलं, "ही डिस्क याआधी कितीदा भरलीय?" जुनी तिकिटं, म्हणजे बिघाडांच्या नोंदी, काढली. चार महिन्यांत सात वेळा. दर वेळी कोणीतरी रात्री उठून फाईल उडवली होती, अंगठे घेतले होते आणि तिकीट बंद केलं होतं. सातपैकी दोन तिकिटं सपोर्टमधून मीच बंद केलेली. लॉग आपोआप फिरवणारी, जुने टाकून देणारी सोय लिनक्समध्ये असतेच, ती या सर्व्हरवर कोणी लावलीच नव्हती.

संध्याकाळी चहाच्या वेळी हे आईला सांगितलं. ती म्हणाली, "पातेली ठेवण्यात तू लहानपणापासूनच हुशार."

आमच्याकडे मे महिन्यात अण्णा घर शाकारतात. फुटकी कौलं बदलायची, सरकलेली बसवायची, वाशांवरचा कचरा काढायचा. उन्हातलं, धुळीचं काम. त्यात मी कधी हात लावला नाही. पण पावसात गळायला लागलं, की कुठल्या थेंबाखाली कुठलं पातेलं ठेवायचं यात घरात माझ्यासारखी कोणी नाही. आईला एसआरई कळत नाही, मी मात्र बरोबर कळते.

दोन-तीन रात्री याच विचारात गेल्या. मला काम आवडत होतं की पावणेतीन वाजता उपयोगी पडणं आवडत होतं? दुसरं असेल तर मी वाईट एसआरई होणार, कारण गळती बंद झाली तर माझाच मान जाणार. याचं उत्तर नुसत्या विचाराने मिळेना, म्हणून उरलेले पाच आठवडे मी मॅनेजरकडून शाकारणीच मागून घेतली: त्या सात तिकिटांसारखी परत परत येणारी सगळी तिकिटं शोधायची आणि एकेक संपवायचं. लॉग फिरवायची सोय लावायला चाळीस मिनिटं लागली. सगळ्या सर्व्हरवर तीच एका स्क्रिप्टने, म्हणजे छोट्या प्रोग्रॅमने, जावी यासाठी चार दिवस गेले, त्यातले दोन माझ्याच एका स्पेलिंगच्या चुकीत. चौथ्या दिवशी जेवायला बोलावलेलं मला ऐकू आलं नाही, तेव्हा उत्तर बहुतेक मिळालं होतं.

होकार देण्याआधी टीमला दोन गोष्टी विचारल्या. बारा तासांच्या पाळीत किती वेळा फोन वाजतो? गूगलची माणसं सांगतात दोनच्या वर नको. आमच्याकडे सरासरी तीन होते, कमी करणार असतील तर येते म्हटलं. आणि जून-जुलैत लाईट-नेटचा भरवसा नसतो, त्या दोन महिन्यांतली माझी पाळी पुण्यातून करीन, मैत्रिणीच्या खोलीवर. दोन्ही मान्य झालं.

त्या सर्व्हरची डिस्क त्यानंतर भरली नाही. स्क्रिप्ट लागल्याचं मी ग्रुपवर लिहिलं, त्यावर एक अंगठा आला, सीनियरचा. दुसरा येतोय का म्हणून मी रात्री एकदा जाऊन पाहिलं.