गोळी पोटात जात होती, रक्तात नाही

७४ वर्षांच्या आजींना मुलगा घेऊन आला तो स्मृतिभ्रंशाचं औषध सुरू करून घ्यायलाच. चार-पाच महिन्यांत त्या फार मंदावल्या होत्या. बोलता बोलता वाक्य अर्धवट राहायचं, गॅस तसाच चालू राहायचा, दिवसाही झोप. "थायरॉइडची गोळी कित्येक वर्षं चालू आहे, त्यामुळे तो प्रश्न नाही," असं त्याने आधीच सांगून टाकलं.

शंभरातून सात-सात वजा करायला सांगितलं. "त्र्याण्णव." मग बराच वेळ शांतता. "शहाऐंशी." वेळ फार लागत होता, पण उत्तरं बरोबर होती. विसरलेले शब्दही थोडा इशारा दिला की आठवायचे. अल्झायमरमध्ये इशाऱ्याचा सहसा फारसा उपयोग होत नाही, कारण शब्द मुळात साठवलाच गेलेला नसतो. आवाज घोगरा, नाडी ५४. टाचेमागच्या स्नायुबंधावर हातोडी मारली, तर पाऊल झटकन खाली गेलं आणि मागे यायला रेंगाळलं. थायरॉइड कमी पडत असल्याची ही खूण. हे दिसलं की मी रिपोर्टची वाट न बघता औषधांची पिशवी मागते.

पिशवीत लेव्होथायरॉक्सिन, म्हणजे थायरॉइडची गोळी, ७५ मायक्रोग्रॅमची होती. शिवाय मनगट मोडल्यानंतर सुरू झालेलं कॅल्शियम आणि लोहाची गोळी. "विसरायला नको म्हणून सकाळी सगळ्या एकदमच घेते," आजी म्हणाल्या. कॅल्शियम आणि लोह थायरॉक्सिनला आतड्यातच बांधून ठेवतात, ते रक्तात पुरेसं पोचत नाही. मंदपणाही मनगट मोडल्यानंतरच सुरू झाला होता. टीएसएच (थायरॉइड कमी पडलं की वाढणारं संप्रेरक) आला ३८, म्हणजे फारच जास्त; फ्री टी-४ (रक्तातलं थायरॉक्सिन) कमी, बी-१२ ठीक.

ईसीजी बघून डोस तोच ठेवला. इथे डोस वाढवणं धोक्याचं: पुढे कोणी कॅल्शियम बंद केलं की तोच डोस जास्त होतो, आणि या वयात त्यातून हृदयाचे ठोके अनियमित होतात, हाडं झिजतात. बदलली ती फक्त वेळ. थायरॉइडची गोळी उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर. नंतर अर्धा ते एक तास चहासुद्धा नाही. कॅल्शियम आणि लोह किमान चार तासांनी. स्मृतिभ्रंशाचं डोनेपेझिल दिलं नाही. त्याने नाडी मंदावते, आणि ती आधीच ५४ होती.

शरीरातलं थायरॉक्सिन निम्मं व्हायला साधारण ७ दिवस लागतात, त्यामुळे रक्तातली पातळी स्थिरावायला वेळ जातो. सहा ते आठ आठवड्यांआधी टीएसएच करून घरच्यांनी उगाच हवालदिल होऊ नये. आठ आठवड्यांनी आजींचा टीएसएच ५.१ होता, आणि वजाबाकी त्या न अडखळता करत होत्या.

हा ५.१ आकडा बघून मुलाने डोस वाढवायचा का, असं विचारलं. नाही. वयाबरोबर टीएसएच थोडा वर सरकतोच. फ्री टी-४ नीट असताना किंचित वाढलेल्या टीएसएचवर ६५ पुढच्या लोकांना गोळी देऊन थकवा वा इतर तक्रारी कमी होत नाहीत, हे २०१७ च्या 'ट्रस्ट' नावाच्या औषधचाचणीत दिसलं आहे. खरा विसरभोळेपणा तर अशा गोळीने मुळीच हटत नाही. आजींना नावं अजून अधूनमधून आठवत नाहीत. त्यासाठी स्मरणचाचणी सहा महिन्यांनी पुन्हा ठेवली आहे.