कैरी नव्हे, कॅरी: राहायला जाण्याआधी पाच दिवस बघून आलो

नवऱ्याला रिसर्च ट्रँगल पार्क या संशोधन कंपन्यांच्या वसाहतीतल्या नोकरीचं बोलावणं आलं आणि घरात 'नॉर्थ कॅरोलिना' हा शब्द रोज ऐकू यायला लागला. ओळखीतली निम्मी मंडळी आधीच तिकडे गेलेली. सगळ्यांचं एकच म्हणणं, "या, मस्त आहे, घरं स्वस्त आहेत." यातलं दुसरं वाक्य आता जुनं झालंय. मुलाच्या वसंतातल्या सुट्टीत आम्ही दोघं, चौथीतला मुलगा आणि चिपळूणहून आलेल्या सासूबाई असे गाडीनेच तिथल्या कॅरी गावाला निघालो. सासूबाईंनी गावाचं नाव पहिल्याच दिवशी 'कैरी' करून टाकलं.

न्यू जर्सीतल्या आमच्या एडिसनपासून अंतर पावणेपाचशे मैलांच्या आसपास. नकाशा आठ-साडेआठ तास सांगतो, पण वॉशिंग्टनभोवती काय होतं ते त्याला ठाऊक नसतं. आम्हाला साडेदहा तास लागले. पीटर्सबर्गला ९५ नंबरचा महामार्ग सोडून ८५ धरला की मात्र रस्ता मोकळा, दोन्ही बाजूंना पाइनचं रान. न्यू जर्सीचा ईझीपास (टोल आपोआप भरणारा पास) इथल्या ५४० टोल रस्त्यावरही चालतो. तो नसेल तर गाडीच्या नंबरवरून टपालाने बिल येतं आणि ते महाग पडतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमची काळी गाडी पिवळी. अगदी हळद लागल्यासारखी. सासूबाईंनी विचारलं, "हिचं लग्न ठरलं का?" मार्चअखेर ते एप्रिलच्या मध्यापर्यंत पाइनचे पराग असे सगळीकडे बसतात, अंगणातल्या खुर्चीवर बोटाने नाव लिहिता येतं. शिंका येतात त्या बहुतेक ओक आणि इतर झाडांच्या बारीक, न दिसणाऱ्या परागांनी. पाइनचे पराग जाड असतात, नाकात फारसे शिरत नाहीत. ज्यांना अ‍ॅलर्जी आहे त्यांनी मुद्दाम याच दिवसांत येऊन बघावं. ऑक्टोबरात आलात तर हे गाव तुम्हाला फसवेल.

आता गावाविषयी थोडं. रॉली आणि डरहॅम या शहरांच्या मधे, वेक काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखं). १९६० साली इथे ३,३५६ माणसं होती, २०२० च्या जनगणनेत १,७४,७२१. तरी नाव अजून 'टाउन ऑफ कॅरी'च. या वाढीची सुरुवात १९५९ मध्ये स्थापन झालेल्या रिसर्च ट्रँगल पार्कपासून. सॉफ्टवेअरवाली 'सास' आणि व्हिडिओ गेमवाली 'एपिक गेम्स' यांची मुख्यालयं तर कॅरीतच आहेत. जुने लोक गंमतीने म्हणतात की सी-ए-आर-वाय ही आद्याक्षरं आहेत आणि त्यांचा अर्थ 'उत्तरेहून आलेल्या यांकींना कोंडून ठेवायची जागा'. आम्ही एडिसनचे आहोत हे कळल्यावर हा विनोद पाच दिवसांत तीनदा ऐकला, तिन्ही वेळा नव्याने हसलो.

पहिलं घर बघितलं तेच सगळ्यांना आवडलं. मागे डेक, म्हणजे लाकडी ओटा, डेकपासून वीस पावलांवर घनदाट झाडी. मी मनातल्या मनात तिथे झोपाळा टांगूनही मोकळी झाले. एजंट बाई म्हणाल्या, "बघा ना, मागे कुणी शेजारीच नाही." मुलगा झाडीत शिरला आणि हातात एक गुलाबी प्लॅस्टिकची फीत घेऊन आला. "आई, सगळ्या झाडांना बांधलीय." त्याला ती परत बांधायला लावली. शेजारी गवत कापणारे आजोबा हे बघत होते. त्यांनी मशीन बंद केलं, कुंपणाशी आले आणि शांतपणे म्हणाले, "मोजणीवाले बांधून गेलेत. पुढच्या वर्षी तिथे टाउनहाउस." एजंट बाईंना फोन आला होता की काय, त्या घरात गेल्या.

पाच दिवसांत सगळ्यात उपयोगी काय मिळालं, तर ही फीत. वाढत्या गावात घर बघू नका, घराशेजारची मोकळी जागा बघा. रस्त्याकडेला जनसुनावणीची पाटी दिसली की थांबून वाचा. टाउनच्या संकेतस्थळावर कुठे काय बांधायचे अर्ज आलेत त्याचा नकाशा असतो, तो रात्री हॉटेलवर बसून बघा. आणि झाडी कुठली राहणार, कुठली जाणार याचा एक साधा ठोकताळा: खाली ओढा असेल तर बरीचशी राहते. न्यूस नदीच्या खोऱ्यात ओढ्याच्या दोन्ही काठांना ५० फुटांचा पट्टा राखावा लागतो, तसा राज्याचाच नियम आहे. ओढा नसलेली सपाट झाडी म्हणजे अजून न बांधलेली घरं समजा.

शाळेचा विषय मात्र नीट बसून वाचण्यासारखा आहे, कारण इथे आपले बरेच लोक गोंधळतात. पत्त्यावरून शाळा ठरते, हे तर सगळीकडेच. पण शाळा भरली की तिच्यावर टोपण ('कॅप') बसतं, म्हणजे नवीन आलेल्या मुलाला दुसऱ्या, लांबच्या शाळेत पाठवतात. घरासमोर शाळा आणि पोर बसने भलतीकडे, असं होऊ शकतं. जाहिरातीत लिहिलेली शाळा धरून चालू नका. वेक काउंटीच्या शाळांच्या संकेतस्थळावर पत्ता टाकून बघा आणि ती शाळा 'कॅप्ड' आहे का तेही बघा. आणखी एक खोच: कॅरीचं पश्चिम टोक चॅटहॅम काउंटीत जातं. पाटीवर कॅरी, पण काउंटी वेगळी, म्हणजे शाळाही वेगळ्या.

दुसरी गोष्ट वर्षभराच्या वेळापत्रकाची. इथल्या बऱ्याच प्राथमिक आणि मिडल (सहावी ते आठवी) शाळा जुलैत सुरू होतात. मुलांचे चार गट, म्हणजे ट्रॅक, ४५ दिवस शाळा, १५ दिवस सुट्टी, एक ट्रॅक कायम सुट्टीवर. त्यामुळे तीन ट्रॅकच्या जागेत चार ट्रॅकची मुलं मावतात. वाढत्या गावाने काढलेली ही युक्ती आहे. हायस्कूल मात्र नेहमीच्या वेळापत्रकावर, तेव्हा थोरल्याची सुट्टी आणि धाकट्याची सुट्टी जुळतेच असं नाही. हे सगळं मी कौतुकाने ऐकत होते, सासूबाईंनी एकच प्रश्न विचारला: "मग दोन महिने चिपळूणला कधी येणार हा?" येणार नाही. तीन आठवडे, तेही ट्रॅकवर अवलंबून. तिकिटं काढायच्या आधी ट्रॅक कळू द्या.

घर घ्यायचंच असेल तर 'ड्यू डिलिजन्स फी' हा शब्द पाठ करा. इथे बोली मान्य झाली की ही रक्कम थेट विकणाऱ्याच्या हातात जाते. व्यवहार पूर्ण झाला तर किमतीतून वजा होते, पण तुम्ही मागे फिरलात तर गेली. तपासणीत छप्पर गळकं निघालं तरी गेली. इसाऱ्याचे पैसे निराळे. ते तिसऱ्याकडे राहतात आणि ठरलेल्या मुदतीत माघार घेतली तर परत मिळतात. न्यू जर्सीच्या सवयीने आम्ही दोन्ही एकच समजत होतो. बिल्डरकडून नवं घर घेताना करार त्याचा स्वतःचा असतो, तो वकिलाला दाखवूनच सही करा. शेवटचा व्यवहार तसाही इथे वकीलच पार पाडतात.

कर कमी, हे खरं. घरपट्टी बघून नवऱ्याचा चेहरा उजळला होता. पण किराण्यावर २ टक्के, कपड्यांवर पूर्ण विक्रीकर (वेक काउंटीत ७.२५ टक्के), आणि गाडीवरही दरवर्षी मालमत्ता कर, नोंदणीच्या नूतनीकरणासोबत. न्यू जर्सीत यातलं काहीच नसतं. राहायला आल्यावर ६० दिवसांत लायसन्स इथलं करायचं. कडक दारूची दुकानं सरकारी, रविवारी बंद. ज्यांना माहीत असायला हवं त्यांनी शनिवार लक्षात ठेवावा.

एका गाडीत भागत नाही. बस आहे, अ‍ॅमट्रॅक रेल्वेचं स्टेशनही आहे, पण दूध आणायला त्याचा काय उपयोग? घरात दोघांपैकी एकाला गाडी येत नसेल तर आधी ती शिका. माझी एक मैत्रीण पहिलं वर्ष नुसती खिडकीशी बसून होती.

मग आवडलं काय? चौथ्या दिवशी बालाजीच्या देवळात गेलो. त्याचं ८७ फुटी गोपुर २०२२ मध्ये झालं, आणि पाइनच्या शेंड्यांवरून ते एकदम दिसतं तेव्हा गाडीतले सगळे गप्प होतात. तिथून शेजारच्या मॉरिसव्हिलला चर्च स्ट्रीट पार्कात क्रिकेट चालू होतं. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या मेजर लीग क्रिकेटचे सामने झाले तेच हे मैदान. मुलगा तिथून हलेना. गावातल्या नव्या उद्यानात संध्याकाळी बाकावर बसलो तर मागून "अगं, हळू पळ" ऐकू आलं. वळून बघितलं, पुण्याचे निघाले. त्यांनीच सांगितलं की उन्हाळ्यात गवतात सँडल घालून जाऊ नका, कॉपरहेड साप निघतात, आणि झाडीतून आल्यावर मुलांच्या पायांवर गोचीड आहे का बघा.

माती लाल, चिकट. बांधकामाच्या कडेला उकरलेली बघून सासूबाई गाडीतून उतरल्याच. चिमूटभर हातात घेऊन म्हणाल्या, "ही तर आपल्याकडचीच." मी कढीपत्त्याचं विचारून घेतलं: कुंडीतच लावायचा आणि थंडीत घरात आणायचा. मुलाचे पांढरे मोजे मात्र तीनदा धुतले, गेले ते गेलेच.

घर घेतलं नाही. एक वर्ष भाड्याने राहायचं ठरवलं, भाडेकरार जूनपासून. शाळा जुलैत सुरू झाली तर पत्त्याचा पुरावा आधी हातात हवा. गुलाबी फितींवालं ते घर चार दिवसांत विकलं गेलं. घेणाऱ्यांनी आजोबांना विचारलं होतं का, कोण जाणे.