अनुभवाचे प्रमाणपत्र: आमची वाटचाल

पाईप आणि साठवण-टाक्यांचे वेल्डिंग हे आमच्या छोट्या कारखान्याचे काम आहे. आमच्याकडची बहुतेक माणसे मदतनीस म्हणून लागली आणि ग्राइंडर चालवता चालवता, जुन्या कारागिरांच्या हाताखाली टॅक (तुकडे जागी धरणारे छोटे टाके) मारता मारता वेल्डर झाली. त्यांच्या हाताविषयी आम्हाला कधीच शंका नव्हती. अडचण आली ती दाबाखालच्या पाईपांची कामे घेऊ लागल्यावर. अशा कामावर ग्राहकाचा निरीक्षक आधी वेल्डरचे प्रमाणपत्र मागतो आणि ज्यांच्या भरवशावर आम्ही काम घेतले होते, त्यांच्यापाशी दाखवण्याजोगा एकही कागद नसे.

वेल्डिंगमध्ये एक सोय अशी की, शिक्षण कुठे झाले हे न विचारता थेट हात तपासण्याची रीत येथे रुळलेली आहे. एएसएमई या अमेरिकी यंत्र-अभियंता संस्थेच्या संहितेचा विभाग ९ असो वा आयएसओ ९६०६-१ हे मानक असो, परीक्षा होते ती नमुना सांध्याची. यातील ६जी ही अवघड परीक्षा आमच्या बहुतेकांनी दिली. पाईप ४५ अंशांत तिरका आणि पक्का बांधलेला असतो; तो फिरवता येत नाही, वेल्डरनेच त्याच्याभोवती फिरायचे आणि खालच्या बाजूचा रूट (सांध्याचा पहिला, तळाचा थर) अंग वळवून मारायचा. नंतर सांध्याच्या पट्ट्या कापून वाकवतात आणि फुगीर बाजूवर ३ मिलीमीटरहून मोठी भेग उघडली, तर नमुना नापास होतो. आमच्या एका ज्येष्ठ वेल्डरने अशा परीक्षेत आर्क लावताच हात थांबवला आणि निरीक्षकांना म्हटले, "साहेब, हा रॉड दमट आहे, आवाज वेगळा येतोय." वेल्डिंगचा तो रॉड, कोरडा राहावा म्हणून ठेवलेल्या ओव्हनमधून काढून बराच वेळ बाहेर राहिला होता. दमट रॉडमधून हायड्रोजन सांध्यात शिरतो आणि नंतर तडे जातात, हे पुस्तकात लिहिलेले आहेच. त्यांनी ते कानाने ओळखले.

मात्र वेल्डरच्या परीक्षेला मर्यादा आहेत. ती एका प्रक्रियेतला आणि ठराविक स्थितींतला हात प्रमाणित करते, आणि एएसएमईच्या नियमाप्रमाणे त्या प्रक्रियेने सहा महिने वेल्डिंग झाले नाही, तर ती पात्रता संपते. नकाशा वाचणे, फिट-अप (वेल्डिंगआधीची तुकड्यांची जुळणी) तपासणे, रॉड जपणे, नवख्याला शिकवणे हे सारे तिच्या बाहेरच राहते. म्हणून आम्ही पूर्वानुभवाच्या मान्यतेकडे, म्हणजे कामातून आलेले कौशल्य तपासून प्रमाणपत्र देणाऱ्या आरपीएलकडे वळलो. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २००४ च्या १९५ क्रमांकाच्या शिफारशीत या मान्यतेचा पुरस्कार केला आहे, फ्रान्सने २००२ च्या कायद्याने अनुभवाच्या आधारे पदविका मिळवण्याचा हक्क दिला आहे, आणि युरोपीय संघाच्या २०१२ च्या शिफारशीत कौशल्य ओळखणे, त्याची नोंद करणे, मूल्यमापन करणे आणि प्रमाणपत्र देणे असे चार टप्पे सांगितले आहेत.

यांपैकी खरे कष्ट नोंदीचे असतात असे माझे स्पष्ट मत आहे, आणि पुरावा शोधायला फार लांब जावे लागत नाही. पाईपच्या कामात प्रत्येक सांध्यावर वेल्डरचा शिक्का-क्रमांक असतो, तोच क्रमांक जॉइंट रजिस्टरमध्ये आणि रेडिओग्राफीच्या (सांध्याच्या आतले दोष दाखवणाऱ्या किरण-तपासणीच्या) अहवालातही असतो. ही कागदपत्रे गुणवत्तेच्या फायलींत पडून होती. ती वेल्डरनिहाय लावल्यावर कोणी कोणत्या जाडीचे, कोणत्या धातूचे किती सांधे केले आणि त्यांत दुरुस्ती किती निघाली, हे समोर आले. ज्यांच्या तोंडून स्वतःच्या कामाविषयी दोन वाक्येही निघत नसत, त्यांची बाजू या रजिस्टरने मांडली.

मूल्यमापक बाहेरचाच हवा, हा आग्रह आम्ही धरला. रोज हाताखाली घेणाऱ्या सुपरवायझरच्या मनात आपले-परके येतेच. लेखी प्रश्नपत्रिकेऐवजी कामाच्या जागी, कामगाराच्या भाषेत तोंडी विचारणा करावी, अशी विनंतीही केली, कारण अन्यथा परीक्षा वेल्डिंगची न राहता वाचनाची होते. उणीव निघाली ती मुख्यतः नकाशावरील वेल्डिंग-चिन्हे वाचण्यात. तेवढ्यापुरतेच प्रशिक्षण दिले. जे येते ते पुन्हा शिकवून अनुभवी माणसाचा वेळ घेणे हा त्याचा अपमान आहे.

प्रमाणपत्राची मूळ प्रत कामगाराच्या हाती देतो आणि त्यानुसार वेतनश्रेणी बदलतो. कागद मिळाला की माणसे सोडून जातील, असे अनेक उद्योजक मित्रांनी बजावले, आणि काहीजण गेलेही. तरीही मूळ प्रती कपाटात ठेवून माणसे अडवणे मला मान्य नाही, कारण ते कौशल्य कामगाराचे आहे.

आता प्रश्न फिटरांचा, म्हणजे वेल्डिंगआधी पाईप जुळवणाऱ्यांचा आहे. सांधा चांगला होण्यात फटीची आणि रेषेची अचूकता मोठी असते, पण रजिस्टरमध्ये नाव वेल्डरचेच येते. म्हणून फिट-अप तपासणीच्या नोंदीत फिटरचा क्रमांक लिहिण्यास आम्ही सुरुवात केली असून, त्या नोंदी पुरेशा साठल्या की त्यांचेही मूल्यमापन करून घेणार आहोत.