प्रथिन तेच, तर फरक कशाने पडतो?

माझ्या पीएचडीचा विषय ऐकला की विज्ञान शिकलेली माणसं हमखास विचारतात: कोडॉन (जनुकातला तीन अक्षरांचा शब्द, जो प्रथिनाच्या साखळीत कोणतं अमिनो आम्ल जोडायचं ते सांगतो) बदलूनही अमिनो आम्ल तेच राहत असेल, तर त्यात शोधायचं काय? तुम्हीही विचारलंत, म्हणून जरा सविस्तर सांगते.

प्रश्न रास्त आहे. ६४ कोडॉनपैकी ३ साखळी थांबवतात. उरलेले ६१ मिळून २० अमिनो आम्लांचं काम करतात. एकट्या आर्जिनिनला सहा कोडॉन आहेत. कोणताही वापरा, साखळीत आर्जिनिनच येतं. पण पेशी हे सहा सारखे वापरत नाही. ई. कोलाय या जिवाणूच्या जनुकांत त्यांपैकी सीजीयू भरपूर, एजीजी क्वचितच. १९८१ मध्ये तोशिमिची इकेमुरा यांनी दाखवून दिलं की ई. कोलायमध्ये जे कोडॉन जास्त वापरले जातात, त्यांचे ट्रान्स्फर आरएनए, म्हणजे कोडॉननुसार अमिनो आम्ल आणून देणारे रेणूही, पेशीत जास्त असतात. दुर्मीळ कोडॉनपाशी प्रथिनाची साखळी जोडणाऱ्या रायबोसोमला योग्य ट्रान्स्फर आरएनएची वाट पाहावी लागते.

मग सगळे कोडॉन पेशीच्या आवडीचे घातले की झालं, असं वाटेल. २००९ मध्ये कुडला आणि सहकाऱ्यांनी एकाच हिरव्या चमकणाऱ्या प्रथिनाची १५४ जनुकं बनवली. प्रथिन तंतोतंत तेच, कोडॉन वेगळे. ई. कोलायमध्ये त्यांची चमक अडीचशे पटींपर्यंत वेगळी निघाली. आणि हा फरक मुख्यतः आवडीच्या कोडॉनमुळे नव्हता. संदेशवाहक आरएनए, म्हणजे रायबोसोम वाचतो ती जनुकाची प्रत, सुरुवातीलाच स्वतःभोवती घट्ट दुमडला, तर रायबोसोमला त्यावर बसताच येत नाही, हे त्यामागचं मोठं कारण होतं.

मला या विषयात खेचून आणलं ते मात्र न्यूरोस्पोरा या बुरशीने. तिचं दिवसरात्रीचं घड्याळ एफआरक्यू या प्रथिनावर चालतं, आणि त्याच्या जनुकात नावडते कोडॉन भरपूर आहेत. २०१३ मध्ये यी लिऊ यांच्या गटाने ते बदलून आवडीचे घातले. प्रथिन जास्त तयार झालं, पण घड्याळ बंद पडलं! अमिनो आम्लांचा क्रम जसाच्या तसा होता, तरी प्रथिनाची घडी बदलली होती. साखळी रायबोसोममधून बाहेर पडता पडताच दुमडू लागते. तिला जिथे उसंत हवी होती, तिथे ती मिळाली नाही. मंद कोडॉन तिथे उगाच उरलेले नव्हते. वेगही त्या जनुकातच लिहिलेला होता.

आज जनुक कृत्रिमरीत्या बनवून घेताना संगणक त्यातले कोडॉन सरसकट बदलून देतो. प्रथिन किती मिळालं, एवढंच बऱ्याचदा पाहिलं जातं. हे मला पटत नाही. म्हणून मी एकाच प्रथिनाची दोन जनुकं घेते, एक मुळातलं आणि एक बदललेलं, आणि मिळालेल्या प्रथिनातलं किती विरघळलेलं राहतं, किती खरोखर काम करतं, हे मोजते. कुठला मंद कोडॉन हलवायचा नाही, हे जनुक नुसतं वाचून आधीच सांगता यावं, यासाठी ही सगळी खटपट आहे.