तुम्ही विचारलंत म्हणून: ही माणसं येतात कुठून?

माझी कथा छापून आली की आठवडाभरात कोणीतरी विचारतंच, "ते काका खरे आहेत का हो?" आणि पाठोपाठ, "आधी गोष्ट सुचते की आधी माणूस?" आजवर मी हसून "दोन्ही" म्हणत आले, ते खोटं नाही पण उत्तरही नाही. तर माझ्या एका कथेतल्या पेनवाल्या काकांवरूनच सांगते.

बँकेत रांगेत उभी होते. पुढच्या गृहस्थांकडे एका मुलानी पेन मागितलं. त्यांनी टोपण काढून स्वतःच्या मुठीत ठेवलं आणि मग पेन दिलं. हे पुष्कळ लोक करतात, टोपण आपल्याकडे असलं की पेन परत येतं. पण मुलगा लिहीत होता तेवढा सगळा वेळ हे अंगठ्यानी टोपण फिरवत राहिले आणि नजर पेनवरून हलली नाही. बास, खरं एवढंच. नाव, नोकरी काही माहीत नाही, चेहराही आता आठवत नाही. घरी येईपर्यंत डोक्यात एकच, ह्या माणसाचं असं काय गेलं असेल जे परत आलंच नाही?

सुरुवातीला मी नेटवरचे ते पात्रांचे तक्ते भरायचे, आवडता रंग, रास, उंची, लहानपणची भीती, शंभर शंभर प्रश्न. एकदा कथेतल्या एका बाईची पाच पानं भरली आणि ती काही खुर्चीतून उठेचना. रंग कळून करायचंय काय? माणूस काय लपवतो आणि काय केल्याशिवाय त्याला राहवत नाही एवढं कळलं तरी पुरे, बाकीचं त्याचं तो वाटेत सांगतो (किंवा नाही सांगत, तेही चालतं).

तर काकांनी धाकट्या भावाला मोठी रक्कम दिली होती, वीस वर्षं झाली, आता ह्यांनाच ऑपरेशनसाठी पैसे हवेत, असं मी ठरवलं. पहिल्या खर्ड्यात ते भावाकडे जाऊन कडाडून भांडतात. तीन पानं भांडण, आणि सगळी वाक्यं माझी, काकांचं एकही नाही. पंधरा दिवस गाडी तिथेच अडली. मग एकदा लक्षात आलं की टोपण मुठीत ठेवणारा माणूस ओरडणार नाही, कारण पेन परत मागायची वेळच येऊ नये म्हणून तर तो टोपण ठेवतो. मागणं हीच त्याची लाज. झालं, तिथे गोष्ट सापडली, म्हणजे मला फक्त त्यांची ती सोय काढून घ्यायची होती. जिथे टोपण नाही आणि तोंड उघडून मागावंच लागेल अशा खोलीत त्यांना नेऊन बसवायचं आणि आपण गप्प बसायचं. त्यानंतर ते तासभर भावाशी हवापाण्याच्या गप्पा मारतात, आणि ते पान मला एका बैठकीत लिहिता आलं.

ई. एम. फॉर्स्टर ह्या इंग्रज कादंबरीकारानी १९२७ सालीच सांगून ठेवलंय की राजा मेला आणि मग राणी मेली ही नुसती गोष्ट, आणि त्या दुःखानी राणी मेली हे कथानक. मी अजूनही प्रत्येक दोन प्रसंगांच्या मध्ये "आणि मग" बसतंय की "म्हणून" बसतंय ते बघते. सलग तीनदा "आणि मग" आलं की काहीतरी ढिलं आहे.

शेवट मात्र मी आधी फार हुशारीनी केला होता, काका टोपण भावाकडेच विसरून येतात. लिहिलं तेव्हा काय भारी वाटलं! आठवड्यानी वाचलं तर लाज वाटली, खोडलं. आता भाऊ सहीसाठी पेन मागतो आणि ते टोपणासकट देतात, एवढंच.

राहता राहिलं खरं-खोटं. १८७२ च्या जानेवारीत टॉलस्टॉयच्या शेजाऱ्याच्या घरातल्या आन्ना नावाच्या बाईनी रेल्वेखाली जीव दिला, टॉलस्टॉय तिला बघायला गेला होता. पुढच्या वर्षी तो 'आन्ना कारेनिना' ही कादंबरी लिहायला बसला तेव्हा नाव आणि मरण तिचं घेतलं, रूप बरंचसं कवी पुश्किनच्या मुलीचं, असं त्याच्या मेहुणीनी लिहून ठेवलंय. आणि मधली ती आख्खी बाई? ती त्याला लिहिता लिहिताच घडवावी लागली. आपण तर काय, एका टोपणावर भागवतो.

बाकी काकांची ही कथा आल्यावर आमच्या एका नातेवाइकांनी "माझ्यावर लिहिलंस" म्हणून वर्षभर बोलणं टाकलं. त्यांनी आयुष्यात कोणाला पेन दिल्याचं मी तरी पाहिलेलं नाही. आणि ज्यांचं टोपण होतं त्यांच्यापर्यंत ती कथा पोचली असली तरी त्यांनी स्वतःला ओळखलं नसतं, ते बिचारे त्या दिवशी बहुतेक नुसतं पेन परत यायची वाट बघत होते.